खानविलकरांचे चिंचोके

खानविलकरांना 'कसे आहात?' असं विचारलं की ते बोलायचे नाहीत. पँटच्या उजव्या खिशातून मूठभर चिंचोके काढायचे आणि दहापैकी सहा-सात तुमच्या तळहातावर मोजून ठेवायचे. सात म्हणजे बरं. पाच म्हणजे गुडघा दुखतोय. एकदा लिफ्टमध्ये त्यांनी माझ्या बायकोच्या हातावर नऊ ठेवले, तर ती घाबरलीच. मागून कळलं, त्या दिवशी त्यांच्या नळाला सकाळी चक्क पाणी आलं होतं.

जेसल पार्कातल्या आमच्या इमारतीत ते पहिल्या मजल्यावर एकटेच राहायचे. मूळचे रायगडकडचे, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. त्यांचं काम मूल्यमापनाचं. संस्था खेड्यापाड्यांत शेतीच्या, धान्याच्या योजना चालवतात. त्यातून खरंच कोणाचं पोट भरलं का, हे जाऊन बघायचं आणि अहवाल लिहायचा. पाड्यावरच्या बायांना आकडे विचारून उपयोग नसतो. म्हणून जमिनीवर खडूने वर्षाच्या प्रत्येक महिन्याचा एक गोल काढायचा आणि त्या महिन्यात घरात जेवढं धान्य, तेवढे चिंचोके त्यात ठेवायला सांगायचं. ही पद्धत त्यांच्या एकट्याची नव्हे, या कामातले आम्ही सगळेच वापरायचो. फक्त आम्ही ती पाड्यावर सोडून यायचो. ते घरी घेऊन आले.

"तोंडाने नको, चिंचोक्याने सांगा," हे त्यांचं पालुपद. माणूस तोंडाने सहज 'बरंय' म्हणून जातो, पण खोटं ठेवताना हात अडखळतो, असं त्यांचं म्हणणं.

सोसायटीच्या मीटिंगमध्ये पाण्यावरून भांडण पेटलं, तेव्हा त्यांनी गच्चीवरच घरटी एक गोल काढला, ज्याला जेवढं पाणी येतं तेवढे चिंचोके ठेवायला. सेक्रेटरी शाहभाई वैतागले. "साब, पानी की बात करो ना, इमली का क्या काम?" खानविलकर शांतपणे म्हणाले, "मुँह से नहीं, चिंचोके से बताओ." दुसऱ्या मजल्यावरच्या एका गृहस्थांचा हात आपल्या गोलावर तीनदा गेला, तीनदा मागे आला. दुसऱ्या दिवशी त्यांनी पाइपाला चोरून लावलेली मोटर गुपचूप निघाली.

सगळे हसले. मी नाही हसलो. कारण माझाही हात असाच अडखळला असता, आणि ते आता सांगून टाकतो.

मी एका संस्थेत कामाला होतो. जव्हारकडच्या आठ पाड्यांपैकी जिथे पावसाळ्यात धान्य पुरत नाही, तिथे बायांच्या गटाला धान्याची कोठी करून द्यायची होती. कोणाला द्यायची ते ठरवण्यासाठी चैत्रात मी पाडे फिरलो, येणाऱ्या वर्षात कुठल्या महिन्यात किती धान्य उरेल याचे गोल काढले, कागदावर उतरवले. आठवा पाडा डोंगरावर होता. जीप जात नव्हती, दीड तास चढ. मी खाली एका दुकानात लिंबू सरबत प्यायलो आणि परत आलो. कारण विचाराल तर कंटाळा. दुसरं काही नाही.

घरी जेवणाच्या टेबलावर बसून मी आठव्या पाड्याचा कागद तयार केला. सातव्याची नक्कल केली आणि नक्कल दिसू नये म्हणून प्रत्येक महिन्यात दोन-दोन चिंचोके वाढवले. त्या वाढवलेल्या चिंचोक्यांनी तो पाडा यादीतून बाहेर गेला. सात पाड्यांना पावसाआधी कोठी मिळाली.

गणपती झाले आणि कळलं की या कामाचं मूल्यमापन खानविलकर करणार. दोन दिवसांनी ते मला जिन्यात भेटले.

"सावंत, तुमच्या कागदांत सात पाड्यांना प्रत्येकी तेरा गोल आहेत. आठव्याला बाराच. गंमत आहे, नाही?"

एवढं बोलून ते खिसा वाजवत खाली गेले. मी घरी जाऊन भिंतीवरचं कॅलेंडर उलटून पाहिलं. त्या वर्षी श्रावण दोनदा आला होता, आधी अधिक, मग निज. धान्य संपण्याचा महिना दोनदा. पाड्यावरच्या बाया तो विसरणार नव्हत्या. टेबलावर बसलेला माणूस विसरला होता, नक्कल करतानासुद्धा सवयीने बाराच गोल काढून.

त्या रविवारी मी त्यांच्याकडे गेलो. बायकोने केलेला उपमा नेला. अहवाल कुठवर आला, असं सहज विचारल्यासारखं विचारलं. "एक शेरा राहिलाय," ते म्हणाले. पुढच्या रविवारी चकल्या नेल्या. शेरा राहिलेलाच. मग हे चालूच राहिलं. आठवडाभर जिन्यात खिसा वाजला की मी दाराआड थांबायचो, आणि रविवारी मी आपणहून त्याच दाराशी. मला तोवर शेळ्यांचं दुसरं काम दिलं होतं. जव्हारकडची खबर विचारायची छाती होत नव्हती. बायको म्हणाली, "तुमची दोघांची बरीच गट्टी जमली की हो." मी मान हलवली.

होळीनंतरच्या दुसऱ्या रविवारी मला ते सहन होईना. म्हटलं, "साहेब, एक सांगायचंय." त्यांनी चिंचोक्यांची बरणी पुढे सरकवली.

मी लादीवर बारा गोल काढले, आठव्या पाड्याचे आकडे मला पाठ होते. चिंचोके ठेवताना प्रत्येक गोलावर हात अडखळला. मग तेरावा गोल काढला आणि तिथेच थांबलो. "इथे काय ठेवायचं ते माहीत नाही. मी गेलोच नव्हतो."

"ठाऊक आहे," ते म्हणाले. "भाद्रपदात मी चढून आलो. दोन्ही श्रावण रिकामे. कडू कंद उकडून खाल्ले म्हणाल्या बाया. अहवालात पाडा सुटला एवढं लिहिलं, कोणी सोडला ते नाही. दिवाळीपासून कोठी आहे तिथे."

"म्हणजे अहवाल..."

"दसऱ्यालाच गेला."

"मग शेरा?"

ते उठले. खिडकीच्या कट्ट्यावर नेहमी एक जुनं वर्तमानपत्र पसरलेलं असायचं, ते त्यांनी उचललं. खाली खडूचे तेरा गोल होते. पहिले सहा रिकामे, त्यात दोन श्रावण शेजारी शेजारी. भाद्रपदापासून मात्र प्रत्येकात दोन, चार, पाच.

"हे काय आहे?"

"घरी आलेली माणसं," ते कट्ट्याकडे बघत म्हणाले. "शेरा राहिलाय म्हटलं की तुम्ही येत होतात."

मी मोजले. ते सगळे माझे रविवार होते. घाबरून घालवलेले.

त्या पाड्यावरच्या दोन श्रावणांचं आता काही करता येत नाही. तिथल्या बायांपुढे बसून हे सांगायला मी अजून तो डोंगर चढलेलो नाही, हेही लिहून ठेवतो.

पुढचा रविवार चैत्रातला होता. विचारायचं काहीच उरलं नव्हतं, हातात उपमाही नव्हता. जिन्यात दोनदा थांबलो. खानविलकरांनी दार उघडलं. कट्ट्यावर नवा गोल काढलेला होता. त्यांनी खिशातून एक चिंचोका काढून माझ्या हातावर ठेवला.

"आज तुम्ही ठेवा."

मी ठेवला. हात अडखळला नाही.