कूर्माजींच्या तीन प्रती

एका जंगलात, बालमित्रांनो, सिंह नव्हता.

दचकू नका. जंगलास सिंह असलाच पाहिजे, हे बंधन फक्त गोष्टींवर असते. या जंगलाचे नाव दाटवन, आणि तेथे राज्य करीत होता एक गवा. शृंगराज महाराज हे त्याचे नाव. देह टेकडीएवढा, शिंगे चंद्रकोरीसारखी, स्मरणशक्ती मात्र बेताची. सकाळी कोणत्या कुरणात चरलो, हे दुपारी त्यास आठवत नसे. म्हणून तो नेहमी समाधानी दिसे.

राजेपण टिकवण्यासाठी त्यास वर्षातून एकच काम करावे लागे. दाटवनाची नदी वैशाखात आटत असे. मग साऱ्या जंगलास दूरच्या एका कपारीतील झऱ्यावर जावे लागे. राजाने पुढे चालावे, प्रजेने मागून यावे आणि झऱ्यास पहिले तोंड राजाने लावावे, अशी रीत होती. ज्या वर्षी राजास झरा सापडणार नाही, त्या वर्षी त्याचे राज्य संपले, असा त्याच रीतीचा उत्तरार्ध होता. पूर्वार्धाचे पोवाडे होते. उत्तरार्धाविषयी कोणी बोलत नसे.

राजास ती वाट कधीच आठवत नसे. आठवत असे ती कूर्माजींना. कूर्माजी हे दाटवनातील सर्वांत वृद्ध कासव. कोणते बीळ कोणाचे, कोणती अळंबी विषारी, कोणत्या माकडाचे कोणत्या फांदीवरून भांडण झाले, हे सर्व त्यांच्या डोक्यात होते. वैशाखात ते राजाच्या पाठीवर बसत आणि हळूच म्हणत, "महाराज, आता डावीकडे."

राजा ऐटीत डावीकडे वळे.

"काय ही दूरदृष्टी!" प्रजा म्हणे. ती पुढच्याच्या शेपटीकडे पाहत चाले, म्हणून वाट तिलाही ठाऊक नसे.

असे सर्व सुरळीत चालले होते. एका आश्विनात मात्र कूर्माजींना पडसे झाले. भर दरबारात त्यांना मोठी शिंक आली. शिंक संपल्यावर त्यांनी महाराजांकडे पाहिले आणि विचारले, "आपण कोण?"

लगेच त्यांना सर्व आठवले. त्यांनी क्षमाही मागितली. परंतु मधल्या त्या क्षणात महाराजांना दरदरून घाम फुटला होता.

त्याच सुमारास बकनाथ नावाचा एक बगळा शहरातून परतला. एका मोठ्या कंपनीच्या आवारात शोभेचे तळे होते, त्यात तो बराच काळ एका पायावर उभा राहिला होता. काचेपलीकडे चालणाऱ्या सभा तो रोज पाहत असे. ऐकू येत नसत, कारण काच जाड होती. पण पाहणे त्याने पूर्ण केले होते.

"महाराज," बकनाथ म्हणाला, "आपल्या जंगलाची सारी माहिती एकाच डोक्यात आहे. उद्या ते डोके गेले तर?"

"कोठे जाईल?"

"वर, महाराज."

महाराजांनी वर पाहिले. तेथे एक फांदी होती.

"यावर उपाय एकच," बकनाथ म्हणाला. "बॅकअप. म्हणजे माहितीच्या प्रती करून निरनिराळ्या ठिकाणी ठेवणे. एक हरवली तर दुसरी असते."

"मग करून टाका प्रती!"

"नुसत्या प्रती करून कसे चालेल? धोरण लागते. प्रत कोणीही करील, महाराज. धोरण करण्यासाठी सल्लागार लागतो." एवढे बोलून त्याने पाय बदलला.

धोरण झाले. त्याची कलमे मोजकीच होती. प्रती तीन असाव्यात. त्या एकाच प्रकारच्या देहात नसाव्यात, कारण पिसांवरचे संकट केसांवर येतेच असे नाही. एक प्रत जंगलाच्या हद्दीबाहेर असावी. आणि प्रत नेहमी मूळ स्थानावरूनच घ्यावी, म्हणजे कूर्माजींच्या मुखातून. बालमित्रांनो, हे नियम उत्तम आहेत. उत्तम नियमांचे पुढे काय होते, एवढेच आपल्याला पाहावयाचे आहे.

पहिली प्रत हिरोजी पोपटास मिळाली. रोज सूर्यास्ताला कूर्माजींनी सर्व माहिती म्हणून दाखवावी आणि हिरोजीने ती पाठ करावी, असे ठरले. पोपटाचे डोके लहान असते. म्हणून आजची प्रत आत गेली, की कालची बाहेर टाकावी, हेही ठरले.

दुसरी प्रत झिपरोजी अस्वलास मिळाली. त्याच्या अंगावर केस भरपूर होते. त्याने सर्व माहिती एकदाच ऐकली, मान डोलावली आणि तो गुहेत जाऊन झोपला. "ही आपली शांत प्रत," असे बकनाथने जाहीर केले.

तिसऱ्या प्रतीसाठी चातकाची निवड झाली. तो समुद्रापलीकडे निघालाच होता. शिवाय चातक जमिनीवरच्या पाण्यास चोच लावीत नाही, हे सर्वांस ठाऊक होते.

"ज्यास झऱ्याचा काडीचाही उपयोग नाही, तो झऱ्याची वाट कोणास कशाला सांगेल?" बकनाथ म्हणाला. "गोपनीयतेच्या दृष्टीने याहून योग्य पक्षी नाही."

सभेत वराहीबाई नावाची रानडुकरीण बसली होती. तिच्याभोवती तिची पिले लोळत होती, आणि त्यांतील काही सभेच्या नियमांवर लोळत होती.

"अहो एकपाये," ती म्हणाली, "हा परत येतो केव्हा?"

"अगदी वेळेवर," बकनाथ म्हणाला. "आजवर त्याने कधी उशीर केलेला नाही."

"आणि तो झोपलाय तो? त्याला एकदा उठवून विचारा की, काय ऐकलंस म्हणून."

बकनाथने दया आल्यासारखी मान वाकडी केली. "बाई, शांत प्रत उठवली की ती शांत राहत नाही."

सभेने टाळ्या वाजवल्या. महाराजांनी सर्वांत मोठ्याने वाजवल्या, कारण त्यांना त्या शिंकेपासून पहिल्यांदाच शांत झोप लागणार होती.

चैत्रात धोरणाच्या यशाचा सोहळा झाला. धोरण अजून उपयोगात आले नव्हते, त्यामुळे त्याच्या यशात कोणतीही उणीव सापडली नाही. कूर्माजींचा सत्कार करण्याचे ठरले. शालीच्या जागी केळीचे पान होते. श्रीफळ देण्याचा मान एका वानरास मिळाला. त्याने ते झाडावरूनच देण्याचे ठरवले.

कूर्माजींचे कवच दगडासारखे होते. नारळ कवचावर पडता, तर नारळच फुटता. पण सत्कार स्वीकारताना मान पुढे करावी लागते.

कूर्माजींनी डोळे उघडले, तेव्हा त्यांच्या मुखावर अपूर्व प्रसन्नता होती. त्यांनी सभोवार पाहिले. "लग्न कोणाचे आहे?" त्यांनी विचारले. मग केळीचे पान खाल्ले.

सूर्यास्त झाला. हिरोजी नेहमीप्रमाणे प्रत घेण्यास आला आणि घाबरून बकनाथकडे गेला.

"साहेब, आजोबांना आज काहीच आठवत नाही. कालचे सगळे माझ्याजवळ आहे. आजच्या दिवस तेच राहू द्यावे का?"

"धोरणात काय म्हटले आहे?"

"रोज, असे म्हटले आहे."

"आज हा दिवस रोजमध्ये येतो की नाही?"

हिरोजीने विचार केला. येत होता. त्याने कालची प्रत बाहेर टाकली आणि कूर्माजींसमोर बसून आजची अक्षरशः पाठ केली. खोकल्यासकट.

वैशाख आला आणि नदी आटली. माशांनी निरोप घेतले. वराहीबाईच्या पिलांच्या जिभा बाहेर आल्या. ठरल्याप्रमाणे शृंगराज महाराज पुढे झाले, कूर्माजी त्यांच्या पाठीवर बसले आणि सारे जंगल मागून निघाले.

पहिल्या फाट्यावर महाराज थांबले. "कूर्माजी," ते कुजबुजले, "डावीकडे की उजवीकडे?"

"जशी आपली इच्छा," कूर्माजी म्हणाले. "फिरायला आणलेत, बरे झाले."

महाराजांना रीतीचा उत्तरार्ध आठवला. त्यांना आठवलेली ती त्या वर्षातील पहिलीच गोष्ट होती.

"घाबरू नये," बकनाथ म्हणाला. "याच प्रसंगासाठी धोरण आहे. पहिली प्रत पुढे यावी!"

हिरोजी पुढे आला. त्याने छाती फुगवली आणि हुबेहूब कूर्माजींच्या आवाजात सुरुवात केली. "पाण्याची वाट... पाण्याची वाट... खोक्, खोक्... थांबा हं, अगदी ओठांवर आहे... छे. तुम्ही पान खाणार का?"

"पुढे?" महाराजांनी विचारले.

"पुढे घोरणे आहे, महाराज. म्हणू?"

"प्रत निर्दोष आहे," बकनाथ म्हणाला. "मुळाशी ताडून पाहा, एका श्वासाचा फरक नाही. आता दुसरी प्रत!"

झिपरोजीला गुहेतून ओढून आणले. त्याने मोठी जांभई दिली.

"वाट ना? आहे की! सगळी आहे. फक्त फार लांबलचक होती, म्हणून जरा आवळून ठेवली."

"म्हणजे काय केलेस, नाना?" वराहीबाईने विचारले.

"जे महत्त्वाचे, ते ठेवले. बाकीचे गाळले. चला माझ्यामागून!"

सारे निघाले. झिपरोजी एकदाही अडखळला नाही. डावीकडे वळला, उजवीकडे वळला, एका कड्याखाली उभा राहिला आणि अभिमानाने वर बोट दाखवून म्हणाला, "हे पाहा."

कड्यावर मधमाश्यांचे पोळे होते. वाटेतील महत्त्वाची गोष्ट तीच होती.

राजा पुढे चालत असल्यामुळे मधमाश्यांनीही रीत पाळली आणि पहिला मान राजास दिला.

सुजलेल्या नाकाने महाराज ओरडले, "तिसरी प्रत! चातकास बोलवा!"

"तो समुद्रापलीकडे आहे, महाराज."

"येणार केव्हा?"

बकनाथने आकाशाकडे पाहिले. "ढगांबरोबर," तो म्हणाला. हे वाक्य त्याने शक्य तितक्या हळू उच्चारले.

सारे जंगल रडतखडत कोरड्या नदीपाशी परतले. तेथे वराहीबाईने आणखी एक पाऊल टाकण्यास साफ नकार दिला.

"पुरे झाली तुमची मिरवणूक! माझ्या पोरांना जरा गारव्यात निजू तरी द्या." असे म्हणून तिने संतापाने मुसंडी मारली आणि पिलांसाठी वाळू उकरू लागली. बकनाथच्या नावाने एक शिवी, की एक ढीग वाळू. शिव्या पुष्कळ होत्या. खड्डा खोल झाला.

खड्ड्याच्या तळाशी वाळू ओली झाली. मग तेथे पाणी पाझरले. गढूळ होते, पण पाणी होते. आधी पिले प्यायली, मग भेकरे, मग माकडे. झिपरोजीही प्यायला आणि म्हणाला, "गोड नाही."

महाराज धावत पुढे आले आणि त्यांनी मान खाली घातली.

"थांबा!" बकनाथ किंचाळला. "महाराज, हे पाणी धोरणात नाही. आपण हे प्यालात, तर झरा सापडला नाही हे सिद्ध होईल. मग रीतीचा उत्तरार्ध—"

"पण मला तहान लागली आहे!"

"राज्य की तहान, ते आपण ठरवावे."

जंगलात कुजबुज सुरू झालीच होती. "ज्याच्या मागे पाणी प्यावे, तो राजा," एक म्हातारे माकड म्हणत होते. "मग आता वराहीबाईच की!"

"मी?" वराहीबाई म्हणाली. "शिंगे घालावी लागतात का? नसतील लागत, तर सांगा. विचार करीन."

महाराजांच्या डोळ्यांत पाणी आले. जंगलातील तेवढेच स्वच्छ पाणी होते.

अशा वेळी सल्लागाराची खरी परीक्षा होते. बकनाथने दोन्ही पाय जमिनीवर टेकले. हे त्याने पूर्वी कधी केले नव्हते.

"प्रजाजनहो," तो म्हणाला, "झरा सापडला नाही, असे म्हणता येणार नाही. तिसरी प्रत येणे बाकी आहे. काम चालू असताना निकाल देता येत नाही. तोवर महाराज या खड्ड्यातील पाण्याची तपासणी करतील."

महाराजांनी तपासणी केली. फारच कसून केली. त्यानंतर ती दिवसातून अनेकदा होऊ लागली, आणि ती चालू असताना इतरांनी दूर उभे राहावे, असा नियमही झाला.

यथाकाल ढग आले. धो धो पाऊस कोसळू लागला, आणि त्याबरोबर चातक आला. एक क्षणही उशीर नाही. तो एका ओल्या दगडावर बसला आणि त्याने झऱ्याची वाट आरंभापासून अखेरपर्यंत म्हणून दाखवली. एक वळण चुकले नाही. एक खूण गळली नाही. गुडघाभर पाण्यात उभे राहून सर्वांनी ती ऐकली.

"वा!" कूर्माजी म्हणाले. "किती हुशार पाखरू! कोणी शिकवले याला?"

महाराज लगेच निघाले. वाटेत त्यांना तीन ओढे पोहून ओलांडावे लागले. एक भेकर वाहून जाता जाता वाचले. अखेर ती कपार आली. वरून धबधबा कोसळत होता, म्हणून झरा वेगळा असा दिसत नव्हता. पण जागा तीच होती. महाराजांनी पाण्यात तोंड बुडवले. तहान मुळीच नसल्यामुळे त्यांना ठसका लागला.

"झरा सापडला!" बकनाथने घोषणा केली. "धोरण शंभर टक्के यशस्वी! राज्य कायम!"

प्रजेने टाळ्या वाजवल्या. विनापरवाना पाणी काढून ऐन कामात गोंधळ माजवल्याबद्दल वराहीबाईवर ठपका ठेवण्यात आला. तिने तो चिखलात लोळत स्वीकारला.

परतीच्या आधी चातक नम्रपणे बकनाथसमोर आला. "साहेब, माझी प्रत जुनी झाली. नवी केव्हा घेऊ?"

"आत्ताच घे. मूळ स्थानावरून," बकनाथ म्हणाला.

चातक कूर्माजींसमोर बसला. कूर्माजींनी त्याच्याकडे प्रेमाने पाहिले. "पाऊस फार आहे, नाही?" ते म्हणाले. "भिजू नका. आत या."

चातकाने ते शब्द नीट पाठ केले. जुने सर्व काही काळजीपूर्वक विसरला. आणि आश्विन लागताच जंगलाची तेवढी एक माहिती सांभाळीत तो समुद्रापलीकडे उडून गेला.

तात्पर्य: ज्यास माहिती जपावयाची आहे, त्याने ती शेजाऱ्यापाजाऱ्यास सांगावी आणि मधूनमधून विचारावी. ज्यास राज्य जपावयाचे आहे, त्याने मात्र धोरणावाचून एक दिवसही राहू नये. पाणी काय, कोणीही काढते.