नऊ हजारांची दृष्ट

बाळ झालं की बाईची कला संपते असं ज्यांना वाटतं, त्यांनी माझं पेज बघावं! नाव ‘ड्रॅगन आणि दुपटं’. ‘नववं शिखर’ नावाच्या एका कादंबरीमालेची मी इतकी वेडी आहे की नेरळला फ्लॅट घेताना मी आधी एकच बघितलं : खिडकीतून माथेरानचा डोंगर त्या शिखरासारखा दिसतो का? (दिसतो. फक्त मधे शेजारच्या बिल्डिंगची पाण्याची टाकी येते.) त्या मालेतल्या ड्रॅगनचे मुखवटे, पंख, चित्रं मी बनवते आणि पेजवर टाकते. त्याच पेजवर बाळ सांभाळायचे सल्लेही देते. दोन्ही कामं एका हाताने! दुसऱ्या हातात बाळ असतं.

आत्ता हे लिहितानाही पाळण्याची दोरी माझ्या पायाच्या अंगठ्याला बांधलेली आहे. तेव्हा मधेच वाक्य तुटलं, तर

(उठला.)

(झोपला.)

तर समजून घ्या.

नमुन्याला दोन पोस्टी देते.

‘दात येताना बाळ चिडचिडं होतं. स्वच्छ ओलं फडकं थंड करून चावायला द्या.’

‘खवले चिकटवायचा गोंद बाळापासून लांब ठेवा. बाळाचा हात कोमट तेलाने सुटतो. खवला सुटत नाही.’

पहिलीला शंभर बायका धन्यवाद देतात. दुसरीलाही देतात, पण त्यातल्या कोमट तेलासाठी! तीन आठवडे डोळे फोडून मी राखेरा नावाच्या ड्रॅगनचे पंख शिवले, आमच्या वाघ्याला, म्हणजे बाळाला, घातले, फोटो टाकला. नऊ हजार लोकांनी बघितला! आणि प्रश्न काय? ‘बाळाच्या गालांना काय लावता?’ ‘बाळाचं वजन किती?’ पंखांबद्दल एक अक्षर नाही. फ्रिजबद्दल विचारलं एकीने, मागे दिसत होता म्हणून!

म्हणूनच ‘नवव्या शिखरा’च्या चाहतेमंडळाचा निरोप आला तेव्हा मी दूध उतू जाऊ दिलं. दर महिन्याला ते एका कारागिराला लाइव्ह बोलावतात. आवडला तर थंडीतल्या संमेलनात कारागीर मंचावर जागा मिळते. या महिन्यात मी! मला जागा हवीच होती, पण खरं सांगू? त्याहून जास्त हवं होतं ते एवढंच, की कुणीतरी, एका तरी माणसाने, मला विचारावं : हा टाका कसा घातला?

(दोरी सुटली. बांधते.)

बेत पक्का होता. वाघ्याला पंख घालून पाळण्यात झोपवायचं, फोन नाचणीसत्त्वाच्या डब्याला टेकवायचा, अर्धा तास बोलायचं. नवरा, म्हणजे रोहिदास, खोपोलीला कारखान्यात सकाळपाळीला. घरात मी आणि सासूबाई. सोनुबाई. कर्जतजवळच्या गावातनं नातवासाठी येऊन राहिलेल्या.

“आज कुनाला दाखवतेस गं पोराला?” त्यांनी चहाची बशी तोंडाशी धरून विचारलं.

“पोराला नाही हो आई, पंख दाखवतेय. पण मागचा फोटो माहितीये? नऊ हजार लोकांनी बघितला!”

बशी खाली आली.

“नऊ हजार?”

“नऊ हजार!” मी मान ताठ केली.

“आगं, आमच्या गावात गुरं धरून एवढी डोकी नाय! आनि टीट लावलीवतीस का?”

“ड्रॅगनला टीट नसते, आई.”

“ड्रॅगनला नसंल. माज्या वाघ्याला असते! तरीच काल खिमट थुकला.” त्या बोटांवर काहीतरी मोजायला लागल्या. “निम्मी मानसं चांगल्या मनाची धरू. तरी साडेचार हजार उरली.”

“कशाला उरली?”

त्या सरळ स्वयंपाकघरात गेल्या. मी त्यांच्यामागे जायला हवं होतं. पण मी केस विंचरत होते.

लाइव्ह सुरू व्हायच्या जरा आधी सासूबाई बाहेर आल्या. हातात सूप. सुपात मीठ, मोहरी आणि सुक्या लाल मिरच्यांचा ढीग. आमच्याकडे दृष्ट काढायला चिमूटभर मीठमोहरी आणि मूठभरही नाही इतक्या मिरच्या लागतात. हा ढीग बघून वाटलं, लग्नाचं वऱ्हाड जेवायला बसणार आहे.

“आई, एवढ्या?”

“मानसांच्या मानानं कमीच हायत.”

झोपलेल्या वाघ्यावरून त्यांनी सूप ओवाळलं, ‘आल्यागेल्याची, शेजारपाजारची’ असं पुटपुटल्या, मग एक क्षण अडल्या आणि ‘फोनमधल्यांची’ अशी भर घातली. सूप घेऊन आत गेल्या. दार लोटलं. मी लाइव्हचं बटण दाबलं.

“नमस्कार! मी संजना. आज आपण राखेराच्या पंखांची शिवण बघू. इथे मी दुहेरी टाका घातलाय, कारण—”

शिंक.

“कारण पंख ताणला की—”

शिंक, शिंक!

आतून तडतड ऐकू आली. मग स्वयंपाकघराच्या दाराखालून धूर निघाला. साधा नाही! घशात बोट घालून आत शिरणारा, पोलिसांनी गर्दी पांगवायला सोडावा तसा धूर! आणि स्क्रीनवर?

‘वा! काय इफेक्ट आहे!’

‘खराखुरा राखेरा!’

‘मशीन कुठलं वापरलंत?’

मशीन आत तव्यावर झारा आपटत होतं. एवढ्यात छतावर काहीतरी किंचाळलं. बिल्डरने ताबा देताना दाखवलेला धुराचा भोंगा! त्याचा आवाज तोवर कुणीच ऐकला नव्हता. आम्ही त्याला आकाशकंदील टांगायचो.

मी वाघ्याला पंखांसकट उचललं, दुसऱ्या हाताने फोन ओढला आणि ओरडले, “आई! गॅस बंद करा आणि चला!”

“आगं, आजून आर्ध्या जळायच्या हायत!”

“चला म्हणते ना!”

जिन्यात आमचा वॉचमन गजा शिट्टी फुंकत वर येत होता. “आग! आग! तिसरा माळा!” आम्ही खाली, तो वर, आणि मधे सगळी बिल्डिंग. समोरची वनिता पिळलेल्या कपड्यांची बादली घेऊन पळत होती. आगीतनं वाचवायला तिला तेवढंच सापडलं. सोसायटीचे सेक्रेटरी बुधाजीकाका टॉवेलवर, एका गालाला फेस, दुसरा गाल तुळतुळीत.

आवारात सगळे खोकत उभे राहिले. गजा धापा टाकत खाली आला.

“कुटं पन आग नाय, साहेब! नुसता ठसका हाय!”

“मग काय पेटलंय?” बुधाजीकाकांचे डोळे टोमॅटो.

“पेटलं काय नाय,” सासूबाई पदर सारखा करत म्हणाल्या. “नातवाची दृष्ट काढीत व्हते.”

“दृष्ट? अहो, किती मिरच्या टाकल्यात?”

“बरनी संपली.”

वर्षाची बरणी! सासूबाई मात्र सगळ्यांच्या तोंडाकडे निरखून बघत होत्या.

“ठसका लागला का समद्यांना?”

“लागला का म्हणजे?” काका खोकतच ओरडले. “काळीज बाहेर यायचं राहिलंय!”

“मंग झ्याक! नजर असती तर मिरचीचा वास पन आला नसता. नजर नवतीच लागलेली!”

“कुणाचीच?” माझ्या तोंडून गेलं.

“कुनाचीच नाय. घोर मिटला.”

नऊ हजार माणसं, आणि एकालाही माझा हेवा वाटला नाही! साधी असूया नाही! मी हातातल्या फोनकडे बघितलं. लाइव्ह चालूच होतं. भोंगा, शिट्टी, टॉवेल, बरणी, सगळं गेलं होतं. मी टाक्याबद्दल बोलले होते दीड वाक्य. आणि स्क्रीनवर एकच प्रश्न धो धो वाहत होता : ‘एवढ्या गोंधळात बाळ झोपलंय कसं?’

खरंच. वाघ्या पंखांत गुरफटून ढाराढूर.

आत्ता मात्र टाचणी पडली तरी

(उठला. गेले. आले.)

संध्याकाळी मंडळाचा निरोप आला. ‘अभिनंदन! संमेलनात तुमची जागा पक्की.’ मी उडीच मारली. मग खालची ओळ वाचली. ‘सत्र : पालकांसाठी. विषय : गोंगाटात बाळाला कसं झोपवावं.’

कसं झोपवावं? मला काय माहीत! मी तर खालच्या आवाजात शिंकले तरी तो उठतो. पेजवर दोनशे प्रश्न, सगळे झोपेचे. खाली, खाली, खाली सरकवत गेले. आणि अगदी तळाशी, फोटोच्या जागी जास्वंदीचं फूल लावलेल्या कुणीतरी लिहिलं होतं :

‘पंख लय भारी. कापड कुठलं आणि टाका कोणता?’

डोळ्यांत पाणी आलं. मिरचीचं नव्हतं. मी सगळं लिहिलं : दुहेरी टाका, उलटा का घातला, काठाचे खवले कसे कापले. आणि भरात हेही लिहिलं : ‘कापड म्हणजे सासूबाईंची जांभळी साडी. त्यांना पत्ता नाही. तशाही त्यांना यातलं काही कळत नाही.’ पाठवलं.

आतल्या खोलीत टुंग वाजलं.

मग, “संजना!”

सासूबाई फोन घेऊन दारात. वनितानं त्यांना दुपारीच जास्वंदीच्या फुलाचं खातं काढून दिलं होतं. म्हणे, सूनबाई रडवेली दिसली, कुनीतरी विचारावं म्हनून. “दोन म्हयनं ती साडी शोधतेय मी!”

त्यांनी पंख ओढून घेतले, चष्मा चढवला, आतली बाजू बाहेर केली. टाक्यांवरून अंगठा फिरवला, एकदा इकडून, एकदा तिकडून.

“हे समदं हातानं?”

“हो.”

“रोहिदासाच्या दुपट्याला मीबी आसाच घातलावता. उलटा. फाटत नाय.” कपाट उघडलं, एक निळी साडी माझ्या अंगावर फेकली. “शेपटी कर. पन काठ कापायच्या आदी मला विचार.”

आता आम्ही दोघी मिळून शेपटी शिवतोय. संमेलनात पालकांच्या सत्रात बसेन, पण शेपटी टेबलावर ठेवेन. कुणीतरी विचारेलच!

त्या रात्री मी गुपचूप उत्तर दुरुस्त केलं. ‘त्यांना यातलं काही कळत नाही’ हे वाक्य काढून टाकलं. पण उशीर झाला होता. त्याखाली आधीच एक लाइक पडलं होतं. एकच.

जास्वंदीचं.