नऊ डब्यांचा सामना

"त्या डेव्हला आज थक्क करून सोडतो, बघच तू!" शनिवारी सकाळी उल्हासरावांनी चहाचा कप टेबलावर आपटून जाहीर केलं, आणि कांचनताईंनी आधी कपाला तडा गेला का ते पाहिलं. पस्तीस वर्षांच्या संसारात या माणसाने ज्याला ज्याला थक्क करायचं ठरवलं, त्याच्याआधी घरचेच थकले होते!

डेव्ह म्हणजे होणारे व्याही. सावनीचं त्यांच्या मुलाशी जमलं होतं आणि व्याही-विहीण आज पहिल्यांदाच अमेरिकेतल्या नोव्हाय गावच्या घरी येणार होते. तीस वर्षं हायस्कूलच्या पोरांना अमेरिकन फुटबॉल शिकवलेला माणूस! सावनीने फोनवर बजावलं होतं, "बाबा, डेव्ह हार्डली टॉक्स. बोलला तर फक्त फुटबॉल. प्लीज, त्याला कंपनी द्या हं. मला फार टेन्शन आलंय."

लेकीचं टेन्शन म्हटल्यावर बाप पेटला. गाड्यांचे ब्रेक डिझाइन करण्यात हयात गेलेल्या उल्हासरावांना फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. म्हणून काय झालं? तीन आठवडे ते यूट्यूबला गोचिडासारखे चिकटले आणि शेवटी निष्कर्ष निघाला: आजचा प्लेऑफ, म्हणजे बाद फेरीचा सामना, जिंकायचा तर सगळी मदार आपल्या डिफेन्सिव्ह लाइनवर! आपले चार पहिलवान, समोर त्यांचे पाच. त्या पाचांची भिंत फोडायची आणि मागे बॉल घेऊन उभ्या असलेल्या क्वार्टरबॅकला लोळवायचं. बस्स!

हे डेव्हला दाखवायला मॉडेल हवं. बेसमेंटमध्ये कांचनताईंनी हळदीकुंकवाचं वाण आणून ठेवलं होतं, स्टीलचे गोल डबे. उल्हासरावांनी त्यातले नऊ उचलले आणि पिंगपाँगच्या टेबलावर पाचांसमोर चार असे मांडले. आता कुठला पहिलवान कसा, हे ऐन वेळी आठवायला नको? मग प्रत्येक झाकणाच्या आतून एकेक चिठ्ठी चिकटवली. झाकण सहज उचलायचं, वाचायचं आणि बोलायचं. डेव्हला कॉपी कळू नये म्हणून मजकूर शुद्ध मराठीत!

संक्रांत तशी बुधवारीच झाली होती, पण इथे सण शनिवारीच साजरे होतात. चार वाजता पैठणी आणि खाली स्नो बूट अशा वेशात बायका यायला लागल्या; सावनी मदतीला आधीच आली होती. मॅच साडेचारला. उल्हासराव ड्राइव्हवेवरचा बर्फ काढायला गेले, तेवढ्यात डेव्ह आणि त्याची बायको लिंडा आलेच. लिंडाला बायकांनी वर पळवलं, डेव्हला उल्हासरावांनी बेसमेंटकडे वळवलं.

"डेव्ह, आय वॉन्ट टु शो यू समथिंग!" असं म्हणत त्यांनी दिवा लावला.

टेबल रिकामं!

"सावनी!!" उल्हासराव जिन्यातूनच ओरडले. "इथले डबे कुठायत?"

"आईने मागवले, बाबा! नऊ जणी एक्स्ट्रा आल्यात. मी घाईघाईत तिळगूळ भरून वाटलेसुद्धा!"

उल्हासराव धावत वर पोचले, मागोमाग डेव्हही आला, तर हॉलमध्ये डब्यांची झाकणं उघडलेली! शैलाकाकू हातातली चिठ्ठी वाचत होत्या.

"'वजन ३२८ पाउंड. हालचाल मंद. डावा गुडघा कामातून गेलेला.' कांचन, माझं ऑपरेशन मी तुला विश्वासाने सांगितलं होतं गं!"

"आणि माझं ऐका!" मंडळाच्या अध्यक्ष नीलांबरीताई कडाडल्या. "'आरडाओरडा फार, जोर कमी. दुसऱ्या हाफमध्ये दम लागतो.' हे वाण आहे की अपमान?"

"अहो, मी नाही लिहिलं!" कांचनताई रडवेल्या झाल्या. मग त्यांनी अक्षर ओळखलं आणि सावकाश नवऱ्याकडे वळल्या. "अहो?"

"ते... ते पहिलवानांबद्दल आहे!" उल्हासराव चाचरले.

"आम्ही पहिलवान?" नीलांबरीताईंनी पदर खोचला.

तेवढ्यात कोपऱ्यातून लिंडाचा गोड आवाज आला. "सावनी, हनी, व्हॉट डझ माइन से?"

उल्हासरावांनी वळून पाहिलं. विहीणबाईंच्या हातातल्या झाकणावर आपल्या टीमच्या सर्वांत दांडग्या गड्याची चिठ्ठी! लेकीचं लग्न आता त्या झाकणाला लटकत होतं. ते मागून जिवाच्या आकांताने माना हलवत होते, पण रविवारच्या मराठी शाळेत शिकलेली सावनी एकेक अक्षर लावत होती. ती वाचणार आणि वाचेल तेच सांगणार. तिला बापासारखी सारवासारव करता येत नाही ना!

"इट सेज... 'प्रचंड ताकद. एकट्याला आवरत नाही. दोघांनी धरावं लागतं.'" सावनीने इंग्रजी करून टाकलं आणि मग तिचाच चेहरा पडला.

लिंडाने नवऱ्याकडे पाहिलं. आणि तो न बोलणारा डेव्ह गुडघ्यावर थाप मारून गडगडाटी हसला! "थर्टी-फोर इयर्स मॅरिड! बेस्ट स्काउटिंग रिपोर्ट आय हॅव एव्हर हर्ड!"

लिंडाही हसली. मग सगळा उलगडा झाला, शैलाकाकू डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या आणि नऊच्या नऊ डबे डायनिंग टेबलावर आले. डेव्ह वाकून एकेक डबा सरकवायला लागला. "युअर लेफ्ट साइड इज राइट, उल्हास. गुड वर्क!" मोठ्या कोचने शाबासकी दिली हो! सावनीने बाबांना मिठी मारली. कांचनताईंनीसुद्धा जाता जाता त्यांच्या पाठीवर दोन थापा मारल्या. पस्तीस वर्षांत पहिल्यांदाच! उल्हासराव ताठ झाले.

त्याच तोऱ्यात ते सगळ्यांना घेऊन बेसमेंटकडे निघाले. आज बायकाही मॅच बघणार होत्या. मागून खसखस पिकत होती. आपलीच वाहवा चाललीय, असं त्यांना वाटलं.

"सावनी," डेव्हने विचारलं, "व्हॉट डझ दॅट वन से? द वन ऑन युअर डॅड्स बॅक?"

सावनीने ओठ चावत वाचलं, "'वजन १९० पाउंड. पोट पुढे, अक्कल मागे. आजच्या सामन्यातून बाद. थेट भांड्यांकडे पाठवावं.'"

"कोचेस डिसिजन," डेव्ह गंभीरपणे म्हणाला आणि त्याने उल्हासरावांना किचनचा रस्ता दाखवला.

दहा मिनिटांनी बेसमेंटमधून चाळीस गळ्यांची आरोळी उठली. आपल्या चौघांनी भिंत फोडली की त्यांच्या पाचांनी आपल्याला लोळवलं, हे उल्हासरावांना काही कळलं नाही. ते पाकाचं पातेलं घासत होते आणि ते काही केल्या निघत नव्हतं.