बाबांनी न मागितलेली माफी

हे कुणाला सांगायचं नाही, असं बाबांनी मला बायबलवर हात ठेवायला लावून बजावलंय. (लिहायचं नाही, असं म्हणाले नव्हते.)

सिग्रिडबाई नॉर्वेहून आमच्या शाळेत फुकट विज्ञान शिकवायला आल्यात आणि राहतात आमच्याकडे. आज सकाळी शेजारच्या एलिनामीकाकांनी त्यांना चहाला बोलावलं. रिकाम्या हाताने कसं जायचं, म्हणून बाईंनी आईकडून भोपळ्याचं भांडं भरून दूध घेतलं. शोभेला म्हणून कुंपणाला लावलेल्या इसालेच्या झुडपाचं एक लांब हिरवं पान कापलं आणि भांड्याच्या गळ्याला त्याची सुबक गाठ मारली.

मी पाहत होते. आमच्या किलिमांजारोच्या उतारावर गाठ मारलेलं इसालेचं पान कुणाला दिलं, की त्याचा एकच अर्थ होतो: मी चुकलो, माफ कर. आणि ते नाकारायची कुणाची छाती नाही.

त्यातून एलिनामीकाका! सहा वर्षांपूर्वी एका लग्नात ते भर पंगतीत म्हणाले होते, "ओफोरोच्या केळ्यांच्या दारूपेक्षा भांडी विसळलेलं पाणी बरं." ओफोरो म्हणजे माझे बाबा. तेव्हापासून ते काकांच्या इसालेची वाट पाहत होते. तोवर त्यांचं तोंड बघायचं नाही, म्हणून चर्चलासुद्धा वळसा घालून जात.

बाईंना अडवायला हवं होतं. पण चार महिन्यांत मी त्यांच्याशी 'येस मॅडम'च्या पुढे गेलेले नाही. मनातल्या मनात एक वाक्य जुळवलं, तपासलं, त्यात 'प्लीज' घातलं. तोवर बाई कुंपणापलीकडे. (काकांचं लक्षच जाणार नाही, असं मी ठरवून टाकलं.)

अर्ध्या तासात काका साक्षीला दोन म्हाताऱ्यांना घेऊन आमच्या अंगणात! डोळ्यांत पाणी. बाबा बनियनवर कॉफीच्या बिया निवडत होते.

"ऊठ, भावा! केलं माफ!"

"कुणी? कुणाला?"

"मी, तुला! पाहुणीच्या हातून इसाले धाडलंस. उशिरा का होईना, सुचलं रे तुला!"

बाबांच्या हातातलं सूप उपडं झालं. त्यांनी कुंपणाकडे पाहिलं. तिथे ताजा कापलेला देठ. मग माझ्याकडे पाहिलं. मी कोंबडीकडे पाहिलं. मागे बाई आनंदाने हात हलवत होत्या. "दूध फारच आवडलेलं दिसतंय!"

बाबांनी 'मी पाठवलंच नाही' म्हणावं, तर दोन म्हाताऱ्यांसमोर इसाले परत घेतल्यासारखं. असलं आमच्या सात पिढ्यांत कुणी केलेलं नाही. बाबांनी सांडलेल्या बिया मुठीने पुन्हा सुपात भरल्या.

"हो," ते म्हणाले. "मी... चुकलो."

आई अंगावरच्या कापडाचं टोक तोंडात कोंबून स्वयंपाकघरात पळाली.

दोन म्हाताऱ्यांतला थोरला म्हणाला, "उद्या प्रार्थना झाली की सगळ्यांसमोर चूक सांग. मिटलं."

"कुठली चूक?"

"ते तुलाच ठाऊक," काका म्हणाले. "मी मोठ्या मनाने ऐकून घेईन."

ते गेल्यावर बाबांनी माझ्या हातात वही कोंबली. "निबंधात पहिली येतेस ना, मंका? मग लिही माझी चूक. फार मोठी नको. पण सहा वर्षं पुरली पाहिजे."

"घोरण्याचं लिही," आई आतून म्हणाली.

"तू मध्ये बोलू नकोस!"

"अगं मंका, यादी देऊ का? पाठ आहे मला."

दुपारपासून लिहितेय. शेवटी लिहिलं, की काकांना ती दारू पुन्हा चाखायला बोलावलं नाही, ही बाबांची चूक. बाबा इतके खूश झाले, की म्हणाले, "वाचशीलही तूच. माझा घसा बसलाय." (हे ते एवढ्या जोरात म्हणाले, की शेजारची शेळी दचकली.)

चर्चमध्ये चारशे माणसं असतात आणि मला वर्गात हजेरी देतानाही घाम फुटतो. तेव्हा उद्या सकाळी माझं पोट दुखणार आहे. फक्त कुठल्या बाजूला, ते अजून

"मंका! वही घेऊन बाहेर ये! पाद्रीबाबा आलेत, एकदा त्यांच्यासमोर खुर्चीवर उभी राहून वाच!"

आले, बाबा! एवढंच लिहिते, दुखणार आहे ते डाव्या