शाल खाणारी सत्कारमूर्ती

एका जंगलात, बाळांनो, धोंडबा नावाचा गवा राहत होता. जवळची तळी आटली होती. म्हणून तो लांबच्या डोहावरून लाकडी गाड्यात पाण्याची पिंपं ओढून आणायचा. पाणी सगळे प्यायचे. जुवाने सोलवटलेला त्याचा खांदा मात्र कुणाला दिसत नसे.

दिसला फक्त बायजाक्का सायाळीला. बायजाक्का शास्त्रज्ञ होती.

तिने सडक्या ओंडक्यावरची बुरशी आणली. भूक लागली की बुरशी एक रस सोडते. त्याला एन्झाइम म्हणतात. त्या रसाने लाकूड, पाला, गवत, सगळ्याची साखर होते. ती साखर आंबवली की इंधन तयार! पण साधी बुरशी फार आळशी. एक ओंडका खायला तिला कैक पावसाळे लागत. बायजाक्काने तिच्या जनुकांतच फेरफार केला. आता बुरशी ओंडका असा फस्त करी, की जणू लग्नाच्या पंगतीत जिलबी.

"धोंडबा, आता गाडा पालापाचोळ्यावर पळणार. सुटलास बघ!"

धोंडबाच्या डोळ्यांत पाणी आलं. बिचारा खरंच सुखावला.

माकडांनी गाड्याला यंत्र बसवलं. इंधन भरलं. आता खटका दाबायचा, की गाडा निघाला. पण बाळांनो, असं कुठं असतं का? लोकार्पण नको? सिंहमहाराजांचं भाषण नको? सत्कार नको?

सूत्रसंचालक कोल्हेसाहेबांनी बुरशीची काचेची बरणी पाहिली आणि कपाळाला हात लावला.

"अहो बाई, सत्कारमूर्तीला कुणी बरणीत कोंडतं का?"

"साहेब, ती बाहेर काढू नका. कोरडं लाकूड तिला—"

"तुमचं नाव आभारप्रदर्शनात आहे. तेव्हा बोला."

बुरशीला बरणीतून काढलं. मानाने गाड्यावर बसवलं. सुती शाल पांघरली, समोर श्रीफळ ठेवलं. महाराज बोलायला उभे राहिले.

महाराज पूर्वजांवर बोलत होते तेव्हा बुरशीने शाल खाल्ली. "किती साधी राहणी!" म्हणून हरणं गहिवरली. महाराज भविष्याकडे वळले तेव्हा नारळाची शेंडी गेली. बायजाक्काने हात वर केला. कोल्हेसाहेबांनी डोळे वटारले. तिने पुन्हा हात वर केला. ससे म्हणाले, "बाईंना फारच घाई बुवा बोलायची!"

शेवटी आभारप्रदर्शन आलं. बायजाक्का ध्वनिक्षेपकाशी गेली आणि ओरडली, "गाडा!"

तेवढ्यात गाडा बसला. चाकं गेली, आस गेला, वरचा फळ्यांचा साटा गेला. उरलं ते यंत्र, पिंपं आणि तृप्त बुरशी. टाळ्यांचा कडकडाट झाला. सगळ्यांना वाटलं, हेच प्रात्यक्षिक.

"प्रयोग कमालीचा यशस्वी!" महाराज म्हणाले.

गर्दी पांगली. धोंडबा तिथंच उभा होता.

"अक्का, उद्या पाणी कसं आणू गं?"

बायजाक्काला रडू आलं.

कोल्हेसाहेबांना मात्र उपाय सुचला. सत्काराआधी गाड्याचं जू सोडून बाजूला ठेवलं होतं, ते धड होतं. त्यांनी त्याच्या दोन्ही टोकांना घागरी बांधल्या, मधे हार घातला आणि ही नवी कावड धोंडबाच्या खांद्यावर ठेवली. त्याच दुखऱ्या खांद्यावर.

तात्पर्य : 'निसर्गात ढवळाढवळ करू नये,' असंच म्हणणार होतात ना? चूक. गाडा मोडला तरी चालेल, कार्यक्रमपत्रिका मोडता कामा नये. फक्त पाणी आणणारा खांदा आपला नसावा.