अकरा विती दार, बारा विती जीप

मोजमाप म्हणजे माझा हात! टेप, पट्टी, फूट, इंच ही सगळी डोळे नसलेल्यांची कामं. मी चौथीत शाळा सोडली ती गणिताच्या मास्तरांना कंटाळून, गणिताला नाही. माझ्या वितीने मी पडदे शिवले, कपाटं बनवून घेतली, दोन पोरांचे पाळणे सुतारासमोर उभं राहून मापले. एकदाही चूक नाही. त्यामुळे त्या शनिवारी जे झालं ते वितीमुळे झालं असं आमच्या घरात जो म्हणेल त्याला मी अजून चहा देत नाही.

तर आमच्याकडे एक जुनी जीप आहे. आमच्या ह्यांनी ती तरुणपणी एका खाणीच्या लिलावात घेतली. खोलीत बसून टीव्ही बघणारा माणूस कोणत्याही रस्त्याला घाबरत नाही, तसे हे शेडमध्ये त्या जीपमध्ये बसून कोणत्याही डोंगराला घाबरत नाहीत! वरचं लोखंडी टप ह्यांनी स्वतः वेल्डिंग करून बसवलंय. ते काढायचं नाव काढलं की हे जेवत नाहीत.

चार वर्षांपूर्वी याच जीपने आम्ही माझ्या थोरल्या बहिणीकडे निघालो. ताईचं घर टेकडीवर, आणि चढाचा रस्ता म्हणजे दगडांचं प्रदर्शन. अर्ध्यात एक दगड खालून असा लागला की इंजिनचं सगळं तेल रस्त्यावर! ताई छत्री घेऊन खाली आली, गाडीकडे बघितलं, आणि ट्रॅक्टरवाल्यासमोर म्हणाली, "चिमे, पुढच्या वेळी चालत ये. लवकर पोचशील."

ट्रॅक्टरवाला हसला! मी तिथेच सांगितलं, "आता तुझ्या दारात येईन तर याच गाडीतून येईन. नाहीतर येणार नाही!"

आणि नाही गेले. चार वर्षं. फोन व्हायचे, पण फोन म्हणजे काय, नुसता आवाज.

मधल्या काळात ताईच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. वॉकर घेऊन सपाटीवर चालते, पण पायरी उतरता येत नाही. आणि तिच्या दारात पाच पायऱ्या. दोन महिने बाई घराबाहेर नाही. गेल्या बुधवारी फोनवर म्हणाली, "मंगळवारी मुलगा येतोय. मला खुर्चीसकट उचलून नेणार. कपाट नेतात तसं. कायमची चालले त्याच्याकडे. घराला कुलूप."

तिचा मुलगा राहतो विमानाने जावं लागेल इतका लांब. जाऊ नकोस असं म्हणायचं होतं मला. पण तोंड माझंच ना! ते म्हणालं, "रविवारी चार वाजता दारात आहे मी. जीप घेऊन."

"बघू," ताई म्हणाली. त्या 'बघू'ने माझी झोप उडाली.

शनिवारी सकाळी सात वाजता मी सगळ्यांना शेडमध्ये उभं केलं. मुलगा, सून, जावई आणि हे. मी मधोमध स्टूलवर.

"गाडी उंच झाली पाहिजे," मी म्हटलं. "इतकी उंच की दगडाला वाटलं पाहिजे, आपल्याला कुणी विचारतच नाही!"

मुलगा बँकेत असतो, पण मोबाइलवर व्हिडिओ बघून बघून तो अर्धा मेकॅनिक झालाय. उरलेला अर्धा कोण पुरवणार हे व्हिडिओत सांगत नाहीत. तो म्हणाला, "आई, नव्या कमानी आणल्यात. चाकांवरचे हे लोखंडी पट्टे. जुन्या बसून गेल्यात. या जाड आहेत, गाडी चार बोटं वर येईल."

जावई मात्र नुसते हसले. जावई हसले की मला भीती वाटते, कारण लग्नातही ते असेच हसत होते.

सगळी चाकं काढली, गाडी विटांवर ठेवली, आणि कमानी बदलायचं काम सुरू झालं. मुलगा खाली, जावई खाली, बाहेर चार पाय. आतून आवाज येत होते.

"दाजी, तो नट उलटा फिरवताय!"

"मी उलटा नाही, तूच उलटा झोपलायस!"

"पाना द्या!"

"कुठला?"

"तुमच्या डोक्याखाली आहे तो!"

दुपारी सून म्हणाली, "आई, एकदा दाराची उंची बघायला हवी. गाडी उंच झाल्यावर बाहेर निघेल ना?"

मुलगा टेप शोधायला निघाला. मी त्याला बसवलं. स्टूलवर चढले, दार मापलं. अकरा विती! मग गाडी मापली, जमिनीपासून टपापर्यंत. साडेनऊ!

"दीड वीत मोकळी," मी म्हटलं. "हत्ती डोकं न वाकवता निघेल."

"पण आई," सून हळूच म्हणाली, "गाडी विटांवर आहे. चाकं नाहीत."

"विटांवर आहे म्हणजे उलट उंचच आहे!" मी म्हटलं.

मला अजूनही हे वाक्य बरोबर वाटतं. कुठे चुकलं ते मुलाने दोनदा कागदावर काढून दाखवलंय, पण त्याचं चित्र चांगलं नाही.

संध्याकाळी समोरच्या बालवाडीच्या बाई आल्या. मुलांना झोके करायला जुने टायर मिळतील का म्हणाल्या. जावई पुढे होऊन म्हणाले, "द्या ना आई! मी नवे आणलेत!" आणि त्यांनी टेम्पोवरचं कापड बाजूला केलं. आत चार टायर, नव्या रिंगांसकट! टायर कसले, विहिरीचे कठडे! जावयाचं हसू आता कळलं.

"जावईबापू," मी म्हटलं, "शोभलात!" आणि जुनी चारही चाकं रिंगांसकट बाईंना देऊन टाकली. रात्रीपर्यंत ती झाडांना लटकली होती. मन मोठं असावं माणसाचं.

रविवारी अकराला नवी चाकं चढली, गाडी विटांवरून उतरली. आम्ही सगळे मागे सरकून बघत होतो. हे तर डोळे पुसायला लागले. काय उभी होती! जणू पायजमा वर धरून नदीत शिरायला निघालीय! ह्यांनी किल्ली फिरवली. खोकली, शिंकली, आणि सुरू झाली! आम्ही टाळ्या वाजवल्या.

हे पहिल्या गिअरमध्ये दारापर्यंत आले.

खण्ण!

टप चौकटीला लागलं. पुरती चार बोटं वर!

हे खाली उतरून आधी टपावर हात फिरवायला लागले.

"मी चार बोटं म्हणालो होतो!" मुलगा ओरडला. "तुमचे टायर किती बोटं आहेत?"

"पाच," जावई म्हणाले. "पण तुझ्या कमानी मला कुणी सांगितल्या होत्या?"

"तुम्ही काल माझ्या शेजारी झोपून त्या बसवल्यात, दाजी!"

"मी नट बघत होतो!"

"टप कापू या," मुलगा म्हणाला.

"माझ्यावरून करवत फिरव आधी," हे म्हणाले, आणि खरंच टपाला पाठ लावून उभे राहिले.

"जुनी चाकं आणू या."

सगळ्यांनी बालवाडीकडे बघितलं. रविवार असूनही चारही झोक्यांवर पोरं होती, आणि बाकीची रांगेत. ती काढायला मी राक्षस आहे का?

घड्याळात पाऊण वाजला. ताईचं 'बघू' माझ्या कानात वाजत होतं. मंगळवारी खुर्चीसकट उचलून नेणार तिला, आणि मी इथे चार बोटांसाठी शेडमध्ये उभी! खरं सांगते, मला रडू आलं. मी चष्मा पुसायचं निमित्त केलं.

सून माझ्याकडे बघत होती. ती म्हणाली, "टायरमधली हवा काढा. दोन बोटं उतरेल. उरलेल्या दोन बोटांसाठी वजन."

"कसलं वजन?"

"माणसं."

ही कल्पना माझ्याही मनात आलीच होती. मी फक्त तिला बोलू दिलं.

हवा काढली. मग मी गल्लीत उभी राहून हाक मारली. बेकरीवाले आले. ते एकटे म्हणजे दोन बोटं! दंतवैद्य आले, रविवारी त्यांच्याकडे औषधालाही दात नसतो. शिवणकामवाल्या बाई आल्या, कडेवर शिवणयंत्र घेऊन. "हे पण धरा वजनात," म्हणाल्या. मागच्या बाकांवर सगळ्यांना कोंबलं. जावई, सून त्यांच्या मांडीवर. मी पुढे. मुलगा दारात वाकून फट बघतोय.

"अजून एक बोट हवं!"

"मी सकाळपासून काही खाल्लं नाही," बेकरीवाले खजील होऊन म्हणाले.

"खाली दाबा! सगळे मिळून खाली बसा! हं, आता हळू... हळू... कोणी हसू नका, हसलं की गाडी वर येते!"

झालं! हसू नका म्हटल्यावर कोण थांबतंय? आधी शिवणवाल्या बाई फुसकन हसल्या. मग दंतवैद्य. बेकरीवाल्यांचं पोट हलायला लागलं, गाडी डुगडुगायला लागली, टप चौकटीला कर् कर् घासत बाहेर! रंगाची एक लांब सालच निघाली. पण निघालो!

पंपावर हवा भरली. "उतरा आता," मी म्हटलं.

कुणी उतरेना.

"आम्ही नुसतं वजन म्हणून यायचं का?" बेकरीवाले म्हणाले. "डोंगर दाखवा की!"

गेलो तसेच. नव्या कमानी इतक्या कडक की रस्त्यात साधी भेग आली तरी आम्ही सगळे एकदम वर, एकदम खाली. दंतवैद्य म्हणाले, यातून उद्या त्यांना चार पेशंट मिळतील.

टेकडी आली. हे गंभीर झाले. चढाचा गिअर टाकला. "सगळ्यांनी घट्ट धरा," म्हणाले. आम्ही धरलं. मी डोळे मिटले.

काहीच झालं नाही. मी एक डोळा उघडला. खाली डांबर! काळं, गुळगुळीत, मधे पांढरा पट्टा! आणि मागून भोंगा वाजवत एक बस आली आणि आम्हाला मागे टाकून वर निघून गेली.

"दगड कुठे आहेत?" बेकरीवाल्यांनी विचारलं.

हे नाकासमोर बघत राहिले.

चारला पाच मिनिटं कमी होती. ताई ओट्यावर वॉकर धरून उभी. चार वर्षांत किती बारीक झाली होती! ह्यांनी जीप ओट्याला लावून उभी केली.

"एवढी माणसं कोण?" ताईने विचारलं.

"वजन आहेत," मी म्हटलं. "रस्ता कधी झाला?"

"दोन वर्षं झाली. बस येते दर तासाला."

"फोनवर सांगायला काय झालं होतं?"

"सांगितलं असतं तर तुला शपथ मोडून बसने यावं लागलं असतं," ताई म्हणाली. "मग तू माझ्यावर आणखी चार वर्षं रुसली असतीस. तुला मी ओळखत नाही का, चिमे?"

मी दार उघडलं आणि पाय खाली टाकायला गेले, तर खाली जायला जागाच नव्हती! गाडी इतकी उंच की तिचा तळ आणि ओटा एकाच पातळीवर! मी सरळ चालत ओट्यावर आले.

ताईने माझ्याकडे बघितलं. मग गाडीकडे. मग त्या पाच पायऱ्यांकडे. वॉकर पुढे टाकला, एक पाऊल, दुसरं पाऊल, आणि बाई माझ्या जागेवर जाऊन बसली!

"चला," ती ह्यांना म्हणाली. "वरच्या तळ्यापर्यंत. दोन महिन्यांत मी भिंती सोडून काही बघितलं नाही."

मी मागे बसले, बेकरीवाले आणि शिवणयंत्राच्या मधे. तळ्याकाठी ताईने तिथूनच मुलाला फोन लावला. "मंगळवारी येऊ नकोस. का म्हणजे? मला पायरी उतरता येत नाही म्हणून नेत होतास ना? आता पायरीच नाही. दर रविवारी चारला माझी गाडी येते."

माझी गाडी म्हणे!

ताईला ओट्यावर सोडून निघताना हे म्हणाले, "अगं, बस पुढे." मी म्हटलं, तुम्ही व्हा पुढे, मला ताईशी थोडं बोलायचंय. खरं कारण माझी कंबर. तळ्यापर्यंतच्या वाटेवर तिने मला सोडून दिलं होतं.

सहाच्या बसला खिडकीजवळ जागा मिळाली. काय सांगू, लोण्यावरून चालल्यासारखी बस! पुढच्या रविवारी जीप चारला जाईल, ठरल्याप्रमाणे. मी सकाळी दहाच्या बसने पुढे होणार आहे. ह्यांना सांगितलंय, ताईकडे कुणीतरी आधी जाऊन ओट्याचं माप घ्यायला हवं!