चिरंजीवांचा पहिला दात

आमच्या चिरंजीवांचा पहिला दात मी पाहिला, ही माझी चूक. बापानं असल्या ठिकाणी पाहू नये. पण रविवार होता, कालिंदी भाकऱ्या थापत होती आणि मी (घरकामाला आमचाही हात लागतो हे दाखवण्यासाठी) त्याला पेज भरवत होतो. चमचा कशावर तरी आपटला. मी त्याचा ओठ उचलून पाहिलं आणि ओरडलो, "अगं, दात आला."

"कुठं?" चुलीकडून आवाज आला.

दात वर होता. वरच्या हिरडीत, मधोमध, तांदळाच्या कणीएवढा. खालचे दोन आधी यायला हवेत, हे नऊ महिने घरात येणारी प्रत्येक बाई मला सांगत होती. वरचे आधी आले तर मामाला वाईट, हेही सांगत होती. आणि कालिंदीला भाऊ एकच, पिशोरचे कारभारीदादा. आईबाप गेल्यावर त्यांनीच तिला वाढवलं, तिचं लग्न लावलं आणि मला जावई म्हणून गोड मानून घेतलं (याचं मला अजून नवल वाटतं). त्या उन्हाळ्यात ते शेतात विहीर खोदत होते. रोज सुरुंग लावायचा, रोज दोर धरून खाली उतरायचं. विहिरीचं नाव काढलं की कालिंदी भरल्या ताटावरून उठायची.

"सांगा की, कुठं आलाय?"

"खाली," मी म्हणालो.

एवढा एकच शब्द. पोलीस ॲक्शननंतर पाटबंधारे खात्यात चिकटलो, त्याला अकरा वर्षं झाली होती; पण खोटा शब्द कधी लिहिला नव्हता. (त्या कामाला साहेब पुरेसे होते.) त्या दिवशी मात्र कॅलेंडरवर मी माझ्या वळणदार अक्षरात लिहिलं, 'आज खालचा दात.' खालचे आठ-पंधरा दिवसांत येतीलच, तोवर पोराचं तोंड सांभाळायचं, असा माझा हिशेब होता.

संध्याकाळी शेजारच्या मेहरुन्निसाखाला चांदीचा चमचा घेऊन हजर. पहिला दात चमच्यानं वाजवून बघायचा, हा आमच्या गल्लीतला सगळ्या घरांचा रिवाज होता.

"दांत निकला बोले. लाओ इधर, बजाती मैं."

"खाला, डॉक्टरांनी तोंड उघडायला मनाई केलीय."

"कायकू?"

"दाताला हवा लागते."

"तो दूध क्या नाक से पीता?"

मी चिरंजीवांना खांद्यावर पालथं टाकलं आणि शहागंजच्या घड्याळापर्यंत फिरवून आणलं. तिथं नवीच आफत. हा मुलगा तोवर गंभीर प्रकृतीचा म्हणून प्रसिद्ध होता. दात आल्यापासून तो दिसेल त्याला तोंड भरून हसू लागला. टांगेवाल्याला हसला, टांग्याच्या घोड्याला हसला. मी दर वेळी घाईघाईनं त्याच्या तोंडावर रुमाल धरत होतो. दोन दिवसांत ऑफिसात बातमी पोचली की केशवरावांच्या मुलाला लाळेचा काहीतरी विकार आहे.

कालिंदीनं मात्र त्या आठवड्यात दात बघायचा हट्ट धरला नाही. नवऱ्याच्या शब्दावर बायकोचा एवढा विश्वास, या कल्पनेनं माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं.

पुढच्या रविवारी कारभारीदादा पिशवीभर कैऱ्या घेऊन आले. पिशवी खाली ठेवली, भाच्याला उचललं आणि मी रुमाल काढेपर्यंत त्याच्या तोंडात बोट घातलं. चिरंजीव कडकडून चावले. दादांनी बोट बाहेर काढून त्याच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं, मग बहिणीकडं.

"खालचाच हाय," ते म्हणाले. "लई कडक."

कालिंदी पदरानं डोळे पुसत आत गेली. मला वाटलं, कांदा चिरत होती.

संध्याकाळी त्यांना मोटारीत बसवायला स्टँडवर गेलो. तिथं मला राहवेना.

"दादा, तो दात वरचा आहे."

"म्हायती हाय मला. बुधवारीच कालीचं कार्ड आलं. दात वरचा आलाय, तू विहिरीत उतरू नगं म्हणून."

जे पोर दिवसातून सहा वेळा आईच्या पदराखाली असतं, त्याचा दात मी आईपासून लपवत होतो.

"मग ती मला का नाही बोलली?"

दादांनी पटका सारखा केला. "लिवलंय तिनं त्ये बी. पाव्हण्यांना वरचं-खालचं कळत नाय, पर लई खूश हायेत. तू आलास तर हसू नगं."

मी मुद्दामच खोटं बोललो, तिला घोर नको म्हणून, हे मी त्यांना परोपरीनं सांगितलं. ते "व्हय, व्हय" म्हणत राहिले. आमचे साहेब रजेचा अर्ज असाच ऐकतात.

"तुम्हाला भीती नाही वाटत, दादा?"

"वाटती की." मग रिकामी पिशवी झटकत म्हणाले, "पर माजं सोडा. मी खाली उतरलो की ती हितं घास गिळायची नाय. तिला शब्द दिलाय, खालचा दात येईस्तोवर दोराला हात लावणार नाय."

"आणि मृगाच्या आत विहीर पुरी व्हायची होती ती?"

"थांबंल."

गडी बसून, सुरुंगाची दारू आणून ठेवलेली, आणि हा माणूस बहिणीनं नीट जेवावं म्हणून विहीर थांबवतो. मला त्यांची फार माया वाटली, आणि आपल्याला अशी बहीण नाही याचं वाईटही वाटलं. (एरवी विहीर थांबवायला आमच्या खात्याला सात सह्या लागतात.)

घरी येऊन मी कालिंदीला सगळं सांगितलं.

"म्हणजे तुम्ही मुद्दाम? माझ्यासाठी?"

"मुद्दाम."

ती हसली, मग रडली, मग न मागता तिनं माझ्या ताटात तुपाची धार धरली. तिला माझं पटलं, असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही दोघं मिळून खालच्या हिरडीवर बोट फिरवू लागलो, मी ऑफिसला जाण्याआधी आणि आल्यावर. खालाही सकाळ-संध्याकाळ चमचा घेऊन हजेरी लावून जायच्या. बाराव्या दिवशी, शुक्रवारी सकाळी, चमचा खाली वाजला. टण्. खालांनी कानशिलांवर बोटं मोडून पोराची अलाबला घेतली. कालिंदी भिंतीला टेकून खाली बसली आणि कितीतरी वेळ नुसती हसत राहिली.

मी ऑफिसला जाता जाता पोस्टातून दादांना कार्ड टाकलं. मजकूर असा: 'आज सकाळी साडेआठ वाजता खालच्या हिरडीत, डाव्या बाजूस, एक दात उगवला आहे. तरी आपण निःशंक मनाने विहिरीत उतरावे.'

दहा-बारा दिवसांनी पिशोरहून उत्तर आलं. ते कालिंदीच्या नावानं होतं. ती वाचून स्वतःशीच हसली आणि कार्ड डब्यामागं ठेवायला निघाली, तेव्हा मी ते मागून घेतलं.

'काली, विहिरीला पाणी लागलं. पाव्हण्यांचं कार्ड सोमवारीच आलं होतं. तुझं गुरुवारी आलं, मग उतरलो.'